चॉसरची अपुरी यात्रा

लंडनच्या बंदरातून परदेशी जाणाऱ्या लोकरीवर आणि कातड्यांवर राजाची जकात असे. तिचे हिशेब तपासण्याचे काम १३७४ पासून १३८६ पर्यंत जेफ्री चॉसर पाहत होता. कागद स्वतःच्या हाताने लिहिण्याची अट नेमणुकीतच होती. मद्याच्या व्यापाऱ्याचा हा मुलगा तरुणपणी फ्रान्सच्या लढाईत कैद झाला, खंडणी भरून सुटला आणि पुढे राजकार्यासाठी इटलीसही जाऊन आला. दरबारातील फ्रेंचचा आणि धर्मपीठातील लॅटिनचा मान अजून ओसरला नव्हता. तरी काव्यासाठी त्याने निवडली ती बंदराच्या धक्क्यावर कानी पडणारी इंग्रजी.

‘कँटरबरी टेल्स’ त्याने १३८७ च्या सुमारास हाती घेतले, असे अभ्यासक मानतात. कँटरबरीच्या मुख्य चर्चमध्ये ११७० साली ज्याची हत्या झाली, त्या आर्चबिशप टॉमस बेकेटच्या समाधीकडे निघालेले सुमारे तीस यात्रेकरू लंडनलगतच्या साउथवर्क येथील ‘टॅबर्ड’ नावाच्या सराईत एकत्र येतात. वाट सुखाने सरावी म्हणून प्रत्येकाने जाताना दोन व येताना दोन कथा सांगाव्यात, आणि ज्याची कथा सरस ठरेल त्याला इतरांनी मेजवानी द्यावी, अशी युक्ती सराईचा मालक काढतो.

पहिली कथा सरदाराची. मानाप्रमाणे पुढची पाळी मठवासी साधूची. पण दारूने झिंगलेला पिठाच्या गिरणीवाला मध्येच तोंड घालतो आणि मानापानाची उतरंड तेथेच ढासळते. या मेळ्यातील सर्वांत विलक्षण माणूस म्हणजे पापक्षमेची पत्रे विकणारा. कसलीही हाडे संतांचे अवशेष म्हणून आपण कशी खपवितो, हे तो बेधडक सांगतो आणि लागलीच लोभाविरुद्ध कथा सुरू करतो. मृत्यूलाच ठार मारायला निघालेल्या तीन मवाल्यांना झाडाखाली सोन्याची रास सापडते. एक जण खाण्यापिण्याचे आणायला जातो. तो परतताच उरलेले दोघे त्याला भोसकतात, आणि त्याने विष कालवून आणलेली दारू पिऊन स्वतःही मरतात. पाली वाङ्मयातील वेदब्भ जातकात हेच बीज आहे. तेथे विष भातात आहे. बीज जुनेच, पण ते अशा ढोंग्याच्या तोंडी घालण्याचे धाडस चॉसरचे. सांगणारा लबाड, म्हणून कथा खोटी मानावी काय? चॉसर निवाडा देत नाही.

स्वतः यात्रेत सामील झालेल्या कवीचीही गय नाही. त्याचे कवन इतके रटाळ वाटते की सराईचा मालक ते मध्येच बंद पाडतो!

संकल्प शंभराहून अधिक कथांचा. १४०० मध्ये चॉसर वारला तेव्हा मागे राहिल्या अवघ्या चोवीस, त्यांतल्याही काही अर्धवट. यात्रेकरू कँटरबरीस पोचतच नाहीत. मेजवानी कोणाची, तेही कळत नाही. कथांच्या क्रमावर हस्तलिखितांचे एकमत नाही. आचाऱ्याची कथा तर सुरू होते न होते तोच तुटते. काही नकलकारांनी तेथे भलतीच कथा घुसडून दिली. आज वेल्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेल्या एका अतिशय जुन्या प्रतीचा लेखक मात्र अधिक प्रामाणिक निघाला. त्याने पानावर कोरी जागा सोडली, आणि चॉसरने ही कथा याहून पुढे रचली नाही, एवढीच नोंद समासात केली.