एका तबकडीवरची दोन दुःखं

व्हिएन्नात राहणाऱ्या मराठी माणसाकडे पाहुणे आले की त्यांना एक दिवस ब्रातिस्लाव्हाला न्यावंच लागतं. ट्रेननं जेमतेम तासाभराचा प्रवास. किल्ला, डॅन्यूब आणि जुनं गाव बघून मंडळी परत फिरतात. त्याच शहरात उलट्या पिरॅमिडच्या आकाराची एक इमारत आहे, स्लोवाक रेडिओची. १९२९ साली सुरू झालेला या रेडिओचा सिंफनी ऑर्केस्ट्रा हा देशातला सगळ्यात जुना व्यावसायिक वाद्यवृंद. त्याच्या एका रेकॉर्डिंगबद्दल आज सांगायचंय.

संगीतकार आहेत अलेक्झांडर मोय्झेस (१९०६-१९८४). वडीलही संगीतकार. मोय्झेस प्रागमध्ये व्हितेझस्लाव नोव्हाक यांच्याकडे शिकले, लोकसंगीताशी नातं ठेवून लिहीत राहिले आणि त्यांनी तब्बल बारा सिंफनी रचल्या. त्या बाराही या ऑर्केस्ट्रानं वाजवून ध्वनिमुद्रित केल्या. संचालक लाडिस्लाव स्लोवाक. हो, आडनावच स्लोवाक! मार्को पोलो या लेबलनं त्या सीडीवर आणल्या, पुढे नॅक्सॉसनं पुन्हा काढल्या. आज त्या मोबाइलवरही ऐकता येतात.

ऐकायचीच तर सातवी आणि आठवी ऐका. दोन्ही एकाच तबकडीवर आहेत.

सातवी १९५४-५५ मधली. मोय्झेस यांची मुलगी वारली, त्यानंतर बापानं लिहिलेली. आठवीचं नाव म्हणजे नुसती तारीख आहे: २१.८.१९६८. आदल्या रात्री सोव्हिएत युनियन आणि मित्रदेशांचे रणगाडे चेकोस्लोव्हाकियात घुसले होते. थोडी मोकळीक देऊ पाहणारे नेते अलेक्झांडर डुबचेक स्वतः स्लोवाक. पुढची वीस वर्षं त्या दिवसाबद्दल उघड बोलणं अवघड होतं. पण सिंफनीत शब्द नसतात. जे काही म्हणायचं ते सुरांतून, आणि वर फक्त एक तारीख. एक दुःख घरातलं, दुसरं देशाचं. पाठोपाठ ऐकताना दोन्ही एकाच माणसाची आहेत, हे जाणवत राहतं.

आपल्या रागसंगीताची सवय असलेल्याला एक फरक लक्षात घ्यावा लागतो. आपली बंदिश एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. सिंफनी कागदावर असते. ती वाजवायला साठ-सत्तर वादक, संचालक, सभागृह आणि तालमी लागतात. हा खर्च कुणी केला नाही तर ती कपाटातच राहते. मोठ्या देशांच्या ऑर्केस्ट्रांनी मोय्झेस वाजवावा अशी वाट स्लोवाक लोक बघत बसले असते, तर आज आपल्याला काही ऐकायला मिळालं नसतं.

स्लोवाकियाची लोकसंख्या साधारण ५४ लाख, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहूनही कमी. आपण मराठी बोलणारे आठ कोटींच्या वर. आणि आपल्याकडे? गणेशोत्सवातल्या मैफली, गावच्या भजनी मंडळाची गाणी, आजीच्या ओव्या कितीतरी घरांत कॅसेटवर पडून आहेत. कॅसेटची फीत दर पावसाळ्यात थोडी थोडी खराब होत जाते.

यंदा सुट्टीला घरी गेलात की तेवढ्या कॅसेट उतरवून घ्या. कोण गातंय, कुठे आणि कधी, हेही सोबत लिहून ठेवा. ते सांगू शकणारी माणसं अजून घरात आहेत.