नेटखालची हातभर जागा



ज्यांच्या स्मरणार्थ हे व्याख्यान योजले आहे त्या आमच्या बाईंना भाषणांचे फारसे प्रेम नव्हते. सकाळी साडेसहाला शाळेच्या तांबड्या मातीच्या मैदानावर त्यांची शिट्टी वाजे आणि त्यानंतर त्यांचे बोलणे बहुधा एकाच शब्दाचे असे : "गुडघे!" उडी मारून खाली येताना गुडघे वाकवा, ताठ पायांवर आदळू नका, एवढा त्याचा अर्थ. आम्ही मुली त्यावरून त्यांची नक्कलही करीत असू. त्या एका शब्दात किती शास्त्र दडलेले होते ते मला पुढे महाविद्यालयात मुलींचा व्हॉलीबॉल शिकवताना, आणि एका मुलीला त्याची किंमत द्यावी लागल्यावर, उमगले. त्या मुलीविषयी मी आज बोलणार आहे. तिचे नाव सांगणार नाही.

विषयाच्या सुरुवातीला मात्र तुम्हाला जरा लांब नेते. व्हॉलीबॉल हा खेळ १८९५ साली अमेरिकेतील होल्योक या गावी विल्यम मॉर्गन यांनी तयार केला, आणि मुलींच्या महाविद्यालयीन व्हॉलीबॉलला आज जगात सर्वांत मोठा प्रेक्षकवर्ग लाभला आहे तोही त्याच देशात. शिक्षणसंस्थांनी मुलामुलींत भेद करू नये असा कायदा तेथे १९७२ साली झाला आणि त्यानंतर मुलींच्या खेळांना पैसा, मैदाने व शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. ३० ऑगस्ट २०२३ रोजी नेब्रास्का विद्यापीठाने आपल्या फुटबॉलच्या स्टेडियममध्ये मुलींचा व्हॉलीबॉल सामना भरवला, तेव्हा ९२,००३ प्रेक्षक आले होते. आपल्याकडे मुलींच्या सामन्याला पालक धरून चाळीस माणसे जमली तरी आम्ही धन्य होत असू, म्हणून हा आकडा मी मुद्दाम पाठ केला आहे.

डिसेंबर २०२४ मध्ये तेथील राष्ट्रीय स्पर्धेचे उपांत्य व अंतिम सामने केंटकी राज्यातील लुईव्हिल शहरी झाले. यजमान लुईव्हिल विद्यापीठाचा संघ अंतिम फेरीत पोहोचला. संघाची प्रमुख आक्रमक अ‍ॅना डीबिअर ही त्याच शहरातली मुलगी आणि तिच्या महाविद्यालयीन खेळाचे हे अखेरचे वर्ष. १९ डिसेंबरला पिट्सबर्गविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, चौथ्या सेटमध्ये, तिच्या घोट्याला दुखापत झाली. संघ जिंकला. अंतिम सामना तीन दिवसांनी होता. आपले शहर, एकवीस हजारांहून अधिक प्रेक्षक, शेवटचा सामना. अशा वेळी एखादी मुलगी पट्टी बांधून उभी राहील असेच आपल्याला वाटेल, आणि ती उभी राहिली असती तर आपण टाळ्याही वाजवल्या असत्या.

ती खेळली नाही. लुईव्हिलने पहिला सेट २३-२५ असा गमावला, दुसरा ३४-३२ असा खेचून आणला, मग पेन स्टेट विद्यापीठाने पुढचे दोन २५-२०, २५-१७ असे घेऊन विजेतेपद मिळवले. डीबिअर असती तर काय झाले असते, या प्रश्नाला उत्तर नाही आणि मला ते नकोही आहे. मला कुतूहल आहे ते तिच्या न खेळण्यामागे असलेल्या व्यवस्थेचे.

त्यासाठी आधी घोटा समजून घेऊ. व्हॉलीबॉलमध्ये प्रतिस्पर्धी अंगाला भिडत नाहीत, मधे नेट असते, म्हणून हा खेळ निर्धोक आहे अशी समजूत आहे. तो बराचसा तसा आहेही. तरीसुद्धा घोटा मुरगळणे ही या खेळातली सर्वांत नेहमीची एकाएकी होणारी दुखापत, आणि ती बहुतेक वेळा नेटखालच्या हातभर जागेत होते. एका बाजूची मुलगी स्मॅश मारण्यासाठी उडी घेते, समोरची अडवण्यासाठी. दोघी एकाच वेळी खाली येतात. स्मॅश मारणारी पुढे झेपावलेली असेल तर तिचा पाय मध्यरेषेवर येतो, आणि समोरचीचा पाय जमिनीऐवजी त्या पायावर पडतो. नियमाचीही येथे थोडी ढिलाई आहे : पाऊल संपूर्ण रेषेपलीकडे गेले तरच तो दोष, थोडे रेषेवर राहिले तर चालते. पंच शिट्टी वाजवत नाहीत आणि घोटा मात्र निकामी होतो.

आता स्मॅश मारणारी पुढे का झेपावते? पुष्कळदा तिला तसे करावेच लागते, कारण चेंडू नेटला चिकटून आलेला असतो. तो देणारी दुसरीच मुलगी असते, जिला आपण मैदानी भाषेत लिफ्टर म्हणतो. लिफ्टरने चेंडू नेटपासून हातभर लांब उचलला तर स्मॅशर सरळ वर उडते आणि आपल्याच बाजूला उतरते. तो नेटवर गेला तर तिला त्याच्यामागे जावे लागते. लिफ्टरही नेहमी दोषी नसते, कारण मागच्या मुलीने पहिला पास वेडावाकडा दिला असेल तर तिला धावत जाऊन मिळेल तसा चेंडू उचलावा लागतो. म्हणजे एकीचा घोटा मुरगळतो, पण त्याचे कारण कधी कधी दोन हात आधी, मैदानाच्या मागच्या कोपऱ्यात घडलेले असते. संघाचा मेळ या शब्दाचा आपण फार भावुक अर्थ करतो. एकत्र डबा खाणे, बसमध्ये गाणी म्हणणे वगैरे. मला त्याचा पहिला अर्थ हा वाटतो की चेंडू कोठे येणार हे उडी मारणारीला ठाऊक असावे. शेजारी शेजारी अडवायला उडणाऱ्या दोन मुलींचेही तसेच. त्यांची पावले एकत्र पडली नाहीत तर एक दुसरीच्या पायावर उतरते.

नॉर्वेमध्ये रोआल्ड बार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच गोष्टीचा अभ्यास केला. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या संशोधनात त्यांनी खेळाडूंना झेप आणि उतरणे यांचे तंत्र नव्याने शिकवले, ज्यांचा घोटा पूर्वी मुरगळला होता त्यांना डगमगत्या फळीवर तोल सांभाळण्याचा व्यायाम दिला, आणि दुखापती कशा होतात हे समजावून सांगितले. घोटे मुरगळण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही. त्याच मंडळींच्या कामातून आणखी एक गोष्ट पुढे आली, जी प्रत्येक प्रशिक्षकाने भिंतीवर लिहून ठेवावी : एकदा मुरगळलेला घोटा पुढचे काही महिने पुन्हा मुरगळण्याचा धोका कित्येक पटींनी अधिक असतो.

गुडघ्याची कथा वेगळी आणि अधिक वाईट. गुडघ्याच्या आत मांडीचे हाड आणि नडगी यांना बांधून ठेवणारा एक अस्थिबंध असतो, डॉक्टर ज्याला एसीएल म्हणतात. तो तुटायला कोणाचा धक्का लागावा लागत नाही. उडी मारून एका पायावर उतरताना गुडघा पुरेसा वाकला नाही आणि आतल्या बाजूला कलंडला, तर तेवढे पुरते. उजव्या हाताने स्मॅश मारणारी मुलगी बहुधा डाव्या पायावर आधी उतरते, हे ज्यांनी मुलींना खेळताना पाहिले आहे त्यांना सांगायला नको. उडी मारणाऱ्या व वळणाऱ्या खेळांत मुलांपेक्षा मुलींना ही दुखापत अधिक होते. तिची कारणे शरीररचनेत किती आणि व्यायामाच्या अभावात किती, यावर अजून वाद चालतो. पण कंबरेचे व मांडीचे स्नायू बळकट केले आणि उतरणे नीट शिकवले तर धोका घटतो, याबद्दल फारसा वाद नाही. आमच्या बाईंचा तो एक शब्द येथे आठवावा. खांद्याचे दुखणे आणि गुडघ्याच्या वाटीखालची कायमची ठणक ही अति सरावाची फळे. ती सावकाश येतात आणि सर्वांत उंच उडणाऱ्या मुलींनाच अधिक येतात, कारण प्रत्येक चेंडू त्यांच्याकडेच जातो.

हे सारे मला आज ठाऊक आहे. १९८९ साली यातले पुष्कळसे ठाऊक नव्हते. पण जेवढे ठाऊक होते तेवढेही मी वापरले नाही.

त्या वर्षी माझ्या महाविद्यालयाचा संघ आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या अंतिम फेरीत प्रथमच गेला. आमची मुख्य स्मॅशर पंधरा दिवसांपूर्वी सरावात डावा घोटा मुरगळून बसली होती. सूज उतरली होती, चाल सुधारली होती. नेहमीची लिफ्टर तापाने आजारी, म्हणून तिच्या जागी पहिल्या वर्षाची मुलगी. तिचे चेंडू सकाळपासून नेटवर जात होते आणि ते मला दिसत होते. सामन्यापूर्वी संघ गोल करून उभा असताना मी त्या स्मॅशरला विचारले, "खेळशील ना?" ती म्हणाली, "हो मॅडम." दुसऱ्या सेटमध्ये नेटला चिकटलेल्या एका चेंडूमागे ती गेली, दुखऱ्या पायाला जपत वाकडी उतरली, आणि मैदानाबाहेर बसलेल्या आम्हा सर्वांना तो आवाज ऐकू आला. त्या गुडघ्याने ती पुन्हा कधी उडी मारू शकली नाही. आम्ही सामना हरलो, हे मी केवळ नोंद म्हणून सांगते.

महिन्याभराने मी बाईंकडे गेले. सर्व सांगून झाल्यावर, "मी तिला विचारलं होतं हो," असे मी म्हणाले. बाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "अकरा जणींसमोर विचारलंस. नाही म्हणायला तिला जागा कुठे ठेवली होतीस?"

लुईव्हिलच्या प्रसंगात मला त्या जागेचे उत्तर दिसते. अमेरिकेच्या महाविद्यालयीन नियमांप्रमाणे जखमी खेळाडूने खेळावे की नाही याचा अखेरचा निर्णय प्रशिक्षकाकडे नसतो, तो संघाच्या डॉक्टरांकडे आणि शुश्रूषा करणाऱ्या तज्ज्ञांकडे असतो. प्रशिक्षकाला तो फिरवता येत नाही. यामुळे प्रशिक्षकाचे अधिकार कमी झाले असे कोणी म्हणेल. मी म्हणेन की त्याची एका मोहातून सुटका झाली. ज्या माणसाला सामना जिंकायचा आहे त्यालाच मुलीच्या घोट्याचा न्याय करायला बसवणे, हे मुळातच चुकीचे. सरावावरही तेथे मर्यादा आहे : हंगामात आठवड्याला जास्तीत जास्त वीस तास आणि एक दिवस सक्तीची सुट्टी. एखादीचा हंगाम दुखापतीने लवकर बुडाला तर तिला एक वर्ष वाढवून मिळू शकते. एका सेटमध्ये पंधरा बदल करता येतात, आंतरराष्ट्रीय नियमांत सहाच, त्यामुळे सारा भार पाच-सहा मुलींवर टाकण्याची गरज पडत नाही.

तेथे सगळे आलबेल आहे असे मात्र समजू नये. शिष्यवृत्ती आणि संघातली जागा जाईल या भीतीने दुखणे लपवणाऱ्या मुली तेथेही असतात. २०१८ पासून विद्यापीठ बदलण्याची वाट सोपी झाली, त्यामुळे दरवर्षी संघात नव्या मुली येतात, जुन्या जातात, आणि एकमेकींचा चेंडू ओळखू येईपर्यंत हंगाम अर्धा होतो. पेन स्टेटच्याच २०२४ च्या संघात दुसऱ्या विद्यापीठातून आलेली प्रमुख आक्रमक होती आणि लिफ्टर पहिल्या वर्षाची. हा संघ उपांत्य सामन्यात नेब्रास्काविरुद्ध दोन सेट मागे पडून ३-२ असा जिंकला. पहिल्या वर्षाच्या मुलीकडून मोठ्या मुलींना इतका विश्वासाचा चेंडू मिळावा, यात मला त्यांच्या प्रशिक्षिकेचे काम दिसते.

त्या केटी शूमाकर-कॉली. १९९९ साली याच विद्यापीठाच्या विजेत्या संघात त्या खेळल्या होत्या. २०२२ मध्ये त्यांनी रस रोझ यांच्या जागी सूत्रे घेतली. रोझ यांनी ४३ हंगाम प्रशिक्षण दिले होते आणि त्यांच्या संघाने एके काळी सलग १०९ सामने जिंकले होते, तेव्हा ती जागा सोपी नव्हती. २०२४ च्या हंगामातच त्यांना स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले आणि उपचार चालू असताना त्या संघाबरोबर राहिल्या. ही स्पर्धा १९८१ पासून भरते, आणि पहिल्या श्रेणीत ती जिंकणाऱ्या त्या पहिल्या स्त्री प्रशिक्षिका ठरल्या. लुईव्हिलच्या तेव्हाच्या प्रशिक्षिकाही स्त्रीच होत्या, डॅनी बुसबूम केली. त्यामुळे तो मान कोणा एकीकडे जाणार हे सामन्याआधीच ठरले होते.

येथे मी थोडी अडखळते. आजारी प्रशिक्षिका उभी राहिली म्हणून कौतुक करायचे आणि जखमी मुलगी बसली म्हणूनही कौतुक करायचे, हे कसे? मी पुष्कळ दिवस याचा विचार केला. बाईंनी आपले आजारपण त्या हंगामातच जाहीर केले होते, लपवले नव्हते. ज्या संघात मोठे माणूस आपले दुखणे उघड सांगते, त्या संघात एखाद्या मुलीला "आज माझा खांदा दुखतो, मला कमी चेंडू द्या" असे म्हणायची लाज कमी वाटत असावी. हा माझा तर्क आहे, पुरावा नव्हे. स्वतः प्रशिक्षक असताना मी कधी मुलींसमोर माझी पाठ दुखते असेही म्हटले नाही, आणि माझ्याकडे कोणी कधी दुखते म्हणून आले नाही.

निवृत्तीनंतर गेली काही वर्षे मी आपल्या शाळेच्या मुलींबरोबर सकाळी मैदानावर असते. तीन गोष्टी आम्ही करतो. नेटच्या दोन्ही बाजूंना हातभर अंतरावर चुन्याची रेघ आखतो. लिफ्टरचा चेंडू त्या रेघेच्या आत आला तर स्मॅशरने उडी मारायची नाही, चेंडू नुसता पलीकडे द्यायचा, आणि त्याबद्दल तिला कोणी बोलायचे नाही. सरावापूर्वी दहा मिनिटे मुली फक्त उडी मारून उतरतात, चेंडूशिवाय. त्यांना ते फार कंटाळवाणे वाटते. आणि कोणाला काय दुखते ते मी एकेकीला बाजूला घेऊन विचारते, कधी पाण्याच्या टाकीपाशी, कधी फाटकाशी.

पाऊस झाला की रेघ वाहून जाते आणि ती पुन्हा आखावी लागते. साडेसहाच्या आत ती आखून व्हावी लागते, आणि त्या कामाला नेहमी दोन हात कमी पडतात. माजी विद्यार्थिनींपैकी ज्या गावात आहेत त्यांनी यावे. चुना शाळेच्या कोठीत असतो.