दृष्टिबाधित विद्यार्थ्यांची वर्गातील आसनव्यवस्था

दृष्टिबाधित विद्यार्थ्यांची वर्गातील आसनव्यवस्था म्हणजे अंध व अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना इतरांच्या बरोबरीने शिकता यावे यासाठी वर्गातील त्यांची जागा ठरविण्याची पद्धत होय. अशा विद्यार्थ्यास पहिल्या बाकावर बसविले की पुरे, असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात योग्य जागा दृष्टिदोषाचा प्रकार, प्रकाशाची दिशा व विद्यार्थ्याचा अनुभव यांवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षे वयाच्या मुलास परिसरातील शाळेत किंवा विशेष शाळेत, स्वतःच्या निवडीनुसार, मोफत शिक्षण घेण्याचा हक्क आहे. त्यामुळे पिंपरी-चिंचवडमधील रावेत येथील दृष्टिबाधित मूल १९३४ साली स्थापन झालेल्या पुणे अंधशाळेसारख्या संस्थेत जाऊ शकते, तसेच घराजवळच्या सर्वसाधारण शाळेतही शिकू शकते. सर्वसाधारण शाळेतील वर्गरचना डोळस मुलांना गृहीत धरून केलेली असल्याने तेथे जागेचा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो.

दृष्टिदोषानुसार जागा

* दूरचे अस्पष्ट दिसणे : ६/६० दृष्टी असलेल्या विद्यार्थ्यास, इतरांना १० मीटरवरून वाचता येणारे अक्षर १ मीटरवरून वाचावे लागते. अशा वेळी पहिला बाकही अपुरा पडतो. फळ्याजवळ जाऊन वाचण्याची मुभा किंवा मजकुराची मोठ्या अक्षरांतील प्रत द्यावी लागते.
* दृष्टिक्षेत्र आकुंचित असणे : १० अंशांच्या दृष्टिक्षेत्रात १ मीटरवरून फळ्याचा सुमारे १७ सेंटिमीटर, तर ४ मीटरवरून सुमारे ७० सेंटिमीटर भाग मावतो. अक्षर स्पष्ट दिसत असल्यास अशा विद्यार्थ्यास मागील बाक सोयीचा असतो.
* एकाच बाजूचे दिसणे : उजवीकडचे दिसत नसल्यास फळ्याकडे तोंड करून वर्गाच्या उजव्या बाजूस बसावे, म्हणजे फळा व शिक्षक डावीकडे, दिसणाऱ्या बाजूस येतात.
* प्रकाश सहन न होणे : वर्णकहीनतेसारख्या स्थितीत खिडकीकडे पाठ असलेली, ऊन न येणारी जागा आवश्यक असते.

प्रकाश

रावेतच्या अक्षांशावर साधारणतः मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंतचा काळ वगळता मध्यान्हीचा सूर्य दक्षिणेकडे असतो. त्यामुळे उत्तरेकडील खिडक्यांतून येणारा प्रकाश अधिक सौम्य असतो. पूर्वेकडे खिडक्या असलेल्या वर्गात सकाळी फळ्यावर चमक येऊ शकते आणि दुपारी तोच फळा स्पष्ट दिसतो. म्हणून जागा ठरविताना शाळेचे सत्र लक्षात घ्यावे लागते. शिक्षक खिडकीला पाठ करून उभे राहिल्यास त्यांची केवळ आकृती दिसते, चेहरा दिसत नाही.

अंध विद्यार्थी

पूर्णतः अंध विद्यार्थ्यास शिक्षकांचा आवाज स्पष्ट ऐकू येणे, ब्रेलची जाड पुस्तके ठेवण्यास पुरेशी जागा असणे व दारापर्यंतची वाट मोकळी असणे महत्त्वाचे असते. बाकांची मांडणी बदलल्यास त्याला आधी सांगून नव्या वाटेने एकदा चालवून आणावे. शिक्षकांनी फळ्यावर लिहिताना मजकूर मोठ्याने उच्चारावा.

विद्यार्थ्याचे मत

अनेक शाळांत ठरावीक दिवसांनी बाक बदलण्याची प्रथा आहे. दृष्टिबाधित विद्यार्थ्यास त्यातून सूट देता येते. मात्र त्याला नेहमी एकटे बसविल्यास तो मित्रांपासून दुरावतो. म्हणून दोन-तीन जागी बसवून, फळ्यावरचा मजकूर वाचून घेऊन, त्याच्याच सल्ल्याने जागा निश्चित करावी आणि दृष्टीत किंवा वर्गखोलीत बदल झाल्यास तिचा फेरविचार करावा.