दोनदा मोजलेली वायर

सिग्नलच्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग कोणता असं विचारलं, तर टेस्टिंगवाले एका सुरात सांगतील: वायर काउंट. रुळालगत लोखंडी कपाटं उभी असतात, त्यांना लोकेशन केस म्हणतात. आत रिले, फ्यूज आणि टर्मिनलच्या रांगा. कपाटात नवी वायर टाकली किंवा जुनी काढली की प्रत्येक टर्मिनलवर खरोखर किती वायरी आहेत ते मोजायचं आणि ड्रॉइंगशी ताडून पाहायचं. ड्रॉइंगवर नवी वायर लाल रेघेने दाखवतात, काढायची ती हिरव्या. जोडणारा आणि मोजणारा, ही माणसं वेगळी हवीत. लग्नघरात आहेराची पाकिटं एकाकडे असतात आणि वही दुसऱ्याकडे, तसाच हा व्यवहार. पाकिटं सांभाळणाऱ्यावर संशय नसतो, पण हिशेब त्याच्या तोंडी ठेवायचा नसतो.

इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकच्या पश्चिमेला चारेक किलोमीटरवर वर्टिंग जंक्शन आहे. लंडनहून आलेली लाइन इथे फुटते, एक फाटा सॅलिसबरीकडे जातो आणि दुसरा साउदॅम्प्टनकडे. त्याच्या अलीकडे हिवाळ्यात एका रात्री आमचा ब्लॉक होता. गाड्या पहाटेपर्यंत बंद होत्या आणि तिसऱ्या रुळातला साडेसातशे व्होल्टचा प्रवाह तोडलेला होता. जोडणी करणारा यॉर्कशरचा, याच कामात केस पांढरे झालेला. ड्रॉइंग पुण्याच्या टीमने केलेली. कपाटासमोर कपाळाला दिवा बांधून साताऱ्याची एक मुलगी मोजत होती. तिचा टेस्टरचा परवाना अजून व्हायचा होता, म्हणून तिच्या मागे देखरेखीला मी. ती आकडा मोठ्याने सांगायची, मी ड्रॉइंगवर खूण करायचो. एक, एक, दोन, एक, रिकामं, दोन. मध्येच ती थांबली.

‘दादा, इथे ड्रॉइंगवर एक आहे ना?’

‘एक.’

‘मला दोन दिसतायत. पण त्यांनी केलंय म्हणजे काही कारण असेल...’

‘कारण आपण नाही शोधायचं. किती आहेत?’

‘दोन.’

‘मग दोन लिही.’

तिने लिहिलं. यॉर्कशरचे बाबा वाकून आले, दिवा जवळ धरून पाहिलं. हिरव्या रेघेची, काढायची राहिलेली वायर होती. ‘चियर्स’ म्हणाले, वायर दोन्ही टोकांनी सोडवून काढली, आणि ती ओळ आम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजली. कोणी माफी मागितली नाही, कोणी रागावलं नाही. गाडीत परतताना मात्र ती म्हणाली, ‘आमच्या आधीच्या ऑफिसात एवढ्या सीनियर माणसाची चूक काढली असती, तर आठवडाभर कोणी बोललं नसतं माझ्याशी.’

असे प्रसंग हाताशी आले की सांस्कृतिक फरकांवर व्याख्यानं देणाऱ्यांना आनंद होतो. माझ्या एका कंपनीने आम्हाला अशा दिवसभराच्या शिबिराला बसवलं होतं. भारतीय माणूस वरिष्ठांपुढे बोलत नाही, इंग्रज माणूस आडवळणाने बोलतो, जर्मन तोंडावर बोलतो, असे तक्ते होते. बेसिंगस्टोकच्या प्लॅटफॉर्मवर हे सगळे तक्ते एकदम उभे राहतात. इथे धावणाऱ्या विजेच्या गाड्या जर्मनीच्या सीमेन्सने बांधल्या आहेत. साउथ वेस्टर्न रेल्वेत २०१७पासून हाँगकाँगच्या एमटीआरची भागीदारी होती. २५ मे २०२५ रोजी साउथ वेस्टर्न रेल्वे सरकारने ताब्यात घेतली. रीडिंगला जाणारी डिझेल गाडी वेगळ्या कंपनीची, रूळ आणि सिग्नल नेटवर्क रेलचे. गाडी तीन मिनिटं किंवा त्याहून जास्त रखडली की ती मिनिटं कोणाच्या खात्यावर टाकायची हे ठरवणारी माणसं पगारावर ठेवलेली आहेत. भुसावळला कधी काळी ‘लेट कोणामुळे?’ या प्रश्नावर नजरा खाली जाताना मी पाहिल्या होत्या. इथे तोच प्रश्न रोज सकाळी बिलासारखा टेबलावर येतो, त्यावर वाद होतो आणि मग सगळे चहा प्यायला जातात.

हा इंग्रजांचा स्वभाव आहे, असं मीही काही काळ धरून चाललो होतो. ते किती अपुरं आहे, हे बेसिंगस्टोकच्याच एका गाडीने शिकवलं.

१२ डिसेंबर १९८८. बेसिंगस्टोकहून सकाळी ७.१८ला सुटलेली, नोकरदारांनी भरलेली बारा डब्यांची लोकल वॉटर्लूकडे चालली होती. क्लॅपहम जंक्शनजवळ गाडी अगदी समोर आली असताना हिरवा सिग्नल अचानक लाल झाला. ड्रायव्हरने नियमाप्रमाणे पुढच्या सिग्नलला गाडी उभी केली आणि खाली उतरून फोनवरून सिग्नल केबिनला कळवलं. त्याच्या मागचा सिग्नल लाल राहून गाडीचं रक्षण करायला हवं होतं. तो लाल झालाच नाही. मागून पूल गावाहून येणारी एक्स्प्रेस धडकली. ३५ माणसं गेली, पाचशेच्या जवळपास जखमी झाली.

कारण एका वायरीचं होतं. नव्या सिग्नलिंगच्या कामात जुनी वायर एका टोकाला जोडलेली आणि दुसऱ्या टोकाला सुटी राहिली होती. ती कापली नव्हती, तिच्यावर नीट टेपही नव्हती. अपघाताच्या आदल्या दिवशी, रविवारी, शेजारच्या रिलेचं काम करताना ती हलली आणि जुन्या जागी जाऊन टेकली. पुढे गाडी उभी असूनही सिग्नलला लाल होऊ न देणारा प्रवाह तिच्यातून वाहू लागला. चौकशी न्यायविद अँथनी हिडन यांनी केली आणि १९८९च्या अहवालात ९३ शिफारशी केल्या. ती जोडणी करणाऱ्या तंत्रज्ञाला तेरा आठवड्यांत एकच सुट्टी मिळाली होती. जुन्या वायरी न कापण्याची त्याची सवय वर्षानुवर्षांची होती, आणि एकाही वरिष्ठाने ती कधी दुरुस्त केली नव्हती. दुसऱ्या माणसाने वायरी मोजायला हव्या होत्या, त्या कोणी मोजल्याच नाहीत.

मला यात ओळखीचं काय वाटलं, ते भारतीय वाचकाला वेगळं सांगायला नको. अनुभवी माणूस आहे, त्याला काय विचारायचं. काम अडलंय, रविवारीही ये. कागदावर तपासणी आहे, मग झालीच असेल. शिबिरात ज्याला भारतीय म्हणून दाखवलं, ते सगळं १९८८च्या ब्रिटिश रेल्वेत जागच्या जागी होतं. ज्याला मी इंग्रजांचा स्वभाव समजत होतो, ते त्या अपघातानंतर आलं. बारा तासांपेक्षा मोठी पाळी नाही, दोन पाळ्यांत किमान बारा तासांची विश्रांती, आठवड्याला ७२ तासांची कमाल. या मर्यादांना रेल्वेतली माणसं आजही ‘हिडन’च म्हणतात. सिग्नलवर काम करणाऱ्याला परवाना लागतो, तो ठरावीक काळाने पुन्हा मिळवावा लागतो. यॉर्कशरचे बाबा साताऱ्याच्या मुलीवर चिडले नाहीत, कारण त्यांच्या उमेदवारीच्या वयातच वाद संपला होता. मोजणाऱ्याला धैर्य लागू नये, म्हणून मोजण्याचा रकाना छापला गेला.

आपल्याकडे असे रकाने नव्हते असं नाही. लेव्हल क्रॉसिंगचा गेटमन आणि स्टेशन मास्तर यांच्यातला प्रायव्हेट नंबर आठवा. गेट बंद झाल्याचं गेटमनने फोनवर नुसतं सांगून चालत नाही. त्याच्याजवळच्या छापील तक्त्यातला पुढचा दोन आकडी नंबर तो देतो, मास्तर तो वहीत वेळेसकट लिहून घेतो, आणि वापरलेला नंबर खोडला जातो. इंग्लंडमध्ये तो नंबर नाही. इथे ऐकणाऱ्याने निरोप शब्दन् शब्द परत म्हणायचा असतो, अक्षरं अल्फा-ब्राव्होने आणि आकडे सुटे सुटे. दोन्हीकडचा हेतू एकच: मान हलवून सुटका होऊ नये. तुटपुंज्या पगाराचा गेटमनसुद्धा त्या दोन आकड्यांच्या बळावर मास्तराला खोळंबून ठेवू शकतो. वरिष्ठांपुढे न बोलणारे लोक आपण, पण ही रीत आपण दीडशेहून अधिक वर्षांच्या रेल्वेत सहज पचवली.

जिथे रकाना ढिला पडतो, तिथे मात्र किंमत मोजावी लागते. २ जून २०२३ला ओडिशात बालासोरजवळच्या बहानगा बाजार स्टेशनावर कोरोमंडल एक्स्प्रेस चुकून लूप लाइनवर गेली आणि झालेल्या अपघातात २९०हून अधिक माणसं दगावली. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत सिग्नल सर्किटच्या बदलांतल्या त्रुटी आणि वायरींवरची चुकीची लेबलं निघाली. वर्षभर आधी त्याच विभागात चुकीच्या वायरिंगचा एक प्रकार घडून गेला होता. अहवाल वाचताना मला पहिल्यांदा क्लॅपहमच आठवलं.

ब्रिटिशांनाही हे एकदा शिकून पुरलेलं नाही. १५ ऑगस्ट २०१७ला वॉटर्लू स्टेशनाचं मोठं काम चालू असताना गिल्डफर्डकडे निघालेली गाडी बाजूला उभ्या असलेल्या कामाच्या गाडीला घासली. वेग कमी होता, कोणाला इजा झाली नाही. टेस्टिंगच्या वेळी ड्रॉइंगमध्ये न दाखवलेल्या तात्पुरत्या वायरी कारणीभूत निघाल्या. तपास यंत्रणेने क्लॅपहमचा धडा विस्मरणात जात असल्याचा इशारा दिला. २०१७ साली कामावर असलेल्या अनेकांचा १९८८ साली जन्मही झाला नव्हता. देश तोच, लाइन तीच.

हे अपघात समजून घेतल्यावर पुण्याच्या टीमबरोबरची माझी कुरबूर बदलली. दर गुरुवारी कॉल असतो. आधी मी विचारायचो, ‘सर्किट बदललंय, सगळ्यांना कळलं ना?’ तिकडून टीम लीड म्हणायचा, ‘हो सर, डन.’ बाकीच्या चौकोनांत माइक बंद. आठवड्याने ड्रॉइंग यायची आणि तोच घोळ निघायचा. इकडचे सहकारी मग आपसांत ‘ते लोक नाही म्हणत नाहीत’ असं बोलायचे. पण माझ्या प्रश्नातच ‘हो’शिवाय दुसऱ्या उत्तराला जागा नव्हती. आता ज्याने शीट काढली, तोच ती वाचतो. ‘चौदाव्या शीटवर हिरवी वायर कुठून कुठे आहे, आणि ती काढल्यावर दोन्ही टर्मिनलवर किती उरतात?’ असं विचारलं की सहा महिन्यांपूर्वी लागलेला मुलगाही अडखळत का होईना, बोलतो, आणि पहिल्याच वाचनात कधी कधी स्वतःच थांबतो: ‘सर, इथे तीन उरतायत. चुकलंय वाटतं.’ लीडचा मान राहतो, कारण त्याला कोणी खोडत नाही, शीटच खोडते.

सगळंच असं सुटत नाही. नाताळच्या दिवशी ब्रिटनमध्ये रेल्वे जवळपास पूर्ण बंद असते, म्हणून वर्षातली सगळ्यात मोठी कामं त्या सुट्टीत काढतात. मुंबईची लोकल रात्री दोन-तीन तास टेकते, तिथल्या माणसाला अख्खा दिवस रूळ मोकळे हे नवल वाटतं. पण त्या कामाची ड्रॉइंग गणपती आणि दिवाळीच्या दिवसांत तपासायची असते, आणि इथल्या वेळापत्रकात तो काळ नुसता सप्टेंबर-ऑक्टोबर असतो. ‘पंधरा तारखेला देतो’ म्हणणाऱ्याच्या घरी पंधराला गौरी बसतात की नाही, हे कोणताही फॉर्म विचारत नाही. त्या बाबतीत अजून फोन करून, घरचं विचारून, माणसागणिक अंदाज बांधावा लागतो. उलट बाजूने, इथला माणूस फॉर्मच्या आडही दडतो. रकाना भरला, सही केली, पुढचं माझं नाही. पुण्याच्या मुलाने रात्री अकराला फोन करून ‘सर, एक शंका आहे’ म्हणावं, ते इकडच्या किती जणांकडून घडेल, मला सांगवत नाही.

म्हणून आता कोणी मला परदेशी टीमबरोबर कसं वागावं विचारलं, तर मी स्वभावाबद्दल काही सांगत नाही. कामातली ती जागा शोधा, जिथे फक्त मान हलवून पुढे जाता येतं, आणि तिथे एक आकडा मागा. साताऱ्याच्या मुलीला परवाना मिळाला आहे. मागच्या महिन्यात माझी जोडणी तिने मोजली. एका टर्मिनलवर तिला माझं अक्षर वाचता आलं नाही, तर तिने आकडा गृहीत धरला नाही. मला बाजूला करून पुन्हा मोजायला लागली.