एमीचे बूट

वाळवंटातून वीसेक मैल चालत आलेल्या बाईचे बूट झिजले कसे नाहीत? १९२६ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतली वृत्तपत्रं या प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागली होती. बाई होती ख्रिस्ती प्रवचनकार एमी सेंपल मॅकफर्सन. पन्नास वर्षांनी, १९७६ च्या नोव्हेंबरात, एनबीसीने ‘द डिसअपिअरन्स ऑफ एमी’ हा दूरचित्रपट दाखवला, तोही तिच्या चौकशीभोवतीच गुंफलेला.

कॅनडातल्या शेतकरी घरात जन्मलेली एमी पहिला नवरा हाँगकाँगमध्ये गमावून परतली आणि मोटारीतून गावोगाव प्रवचनं करू लागली. १ जानेवारी १९२३ ला तिने लॉस एंजेलिसमध्ये ५,३०० आसनांचं एंजेलस टेंपल हे प्रार्थनामंदिर उघडलं. पुढच्याच वर्षी स्वतःचं रेडिओ केंद्र. एकदा तर ती वाहतूक पोलिसाच्या वेषात, मोटारसायकलसह व्यासपीठावर अवतरली आणि पापाच्या वाटेवर सुसाट निघालेल्यांना तिने हात दाखवून थांबवलं. ज्या पेंटेकोस्टल या ख्रिस्ती प्रवाहातून ती आली, त्याच्या आरंभाच्या कथेत आपलं केडगावही आहे. पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये मुलींच्या प्रार्थनांतून १९०५ साली धर्मजागरण उसळलं. लॉस एंजेलिसच्या अझूसा स्ट्रीटवरचं त्यानंतरच्या वर्षीचं. मराठी वाचकाला हे ठाऊक असायलाच हवं.

१८ मे १९२६ ला एमी ओशन पार्कच्या किनाऱ्यावर पोहायला उतरली आणि दिसेनाशी झाली. तिला शोधताना एक पाणबुड्या आणि एक भक्त जिवाला मुकले. लेक देवाघरी गेली, असं आई मिनी केनेडीने मंडळीला सांगून टाकलं, २० जूनला स्मृतिसभाही झाली. आणि २३ जूनला एमी मेक्सिकोच्या आग्वा प्रिएतात, सरहद्दीला लागून, जिवंत प्रकटली! आपल्याला पळवून झोपडीत डांबलं होतं, पत्र्याच्या डब्याच्या धारेने दोर कापून आपण निसटलो, हे सांगणं तिने कधीच बदललं नाही. झोपडी मात्र पोलिसांना सापडली नाही. उलट, तिच्या रेडिओ केंद्राचा माजी अभियंता केनेथ ऑर्मिस्टन त्याच काळात कार्मेलच्या एका बंगल्यात कुणा बाईसोबत राहिल्याचं निघालं. ती एमीच, असा सरकारी वकील एसा कीझ यांचा दावा. तिथली किराण्याची यादी हस्ताक्षराचा पुरावा म्हणून आली आणि ग्रँड ज्यूरीच्या ताब्यातून गहाळ झाली. साक्षी डळमळल्या, १० जानेवारी १९२७ ला एमीवरचे आरोप मागे घेतले गेले. पुढे कीझ स्वतःच लाचखोरीत तुरुंगात गेले.

चित्रपटात एमी झाली फे डनवे, आई बेटी डेव्हिस. दिग्दर्शक अँथनी हार्वे यांनी निकाल दिला नाही, हे मला मनापासून पटतं. खरं नाट्य या मायलेकींतच आहे. टेंपलचा हिशेब आईच्या हाती, गर्दी लेकीच्या नावाने जमणारी. जिला मृत जाहीर केलं, तिच्याच सांगण्यापाठी मिनीला साऱ्या जगासमोर उभं राहावं लागलं. हा पेच बुटांच्या तळव्यांहून कितीतरी खोल आहे.

एक उणीव मात्र सलते. १९२७ मध्ये एमीने टेंपलची कोठी सुरू केली. महामंदीत तिथून असंख्य भुकेल्यांना अन्न आणि कपडे मिळाले, आणि धर्म किंवा वंश विचारून कुणाला परत पाठवलं जात नसे. मेक्सिकन स्थलांतरितही त्या रांगेत असत. चौकशीच्या चौकटीत हे बसत नाही. एमीवर कुणी मालिका लिहायला घेतली, तर पहिला भाग त्या कोठीच्या दारात सुरू व्हावा.