विश्लेषण : हॉटेलची पाटी नवी, खोली जुनीच, मुक्कामाआधी काय तपासावे?

रात्रीच्या गाडीने बडनेरा किंवा अकोला स्थानकावर उतरायचे, मोबाइलवर आधीच घेतलेल्या खोलीचा पत्ता रिक्षावाल्याला सांगायचा आणि त्या पत्त्यावर भलत्याच नावाची पाटी दिसायची, असा प्रसंग आता नवा राहिलेला नाही. शेगावचे दर्शन, चिखलदऱ्याची सहल, विद्यापीठातील परीक्षा, लग्नसराई किंवा दवाखान्यातला रुग्ण अशा कारणांनी अमरावती-अकोल्यात एक-दोन रात्री थांबणाऱ्यांची भिस्त हजार-दीड हजारांच्या खोल्यांवर असते. नेमक्या याच दराच्या हॉटेलांत पाट्या वारंवार बदलतात. त्यामागचे गणित समजले तर फसगत टळते.

पाटी का बदलते?

ओयो (२०१३), फॅबहॉटेल्स (२०१४) आणि ट्रीबो (२०१५) या साखळ्यांचा विस्तार प्रामुख्याने दुसऱ्यांच्या मालकीच्या इमारतींवर झाला. मालक इमारत आणि कर्मचारी देतो. साखळी नाव, बुकिंगची यंत्रणा आणि दर ठरवण्याची पद्धत देते आणि उत्पन्नातला हिस्सा घेते. हिस्सा परवडेनासा झाला, ग्राहक कमी आले किंवा करार संपला की मालक दुसऱ्या साखळीकडे वळतो.

साखळी कोणती, यावर हॉटेल ग्राहकाच्या मोबाइलवर दिसणार की नाही हेही ठरू शकते. मेकमायट्रिपने ओयोशी करार केल्यानंतर फॅबहॉटेल्स आणि ट्रीबोची हॉटेले आपल्या संकेतस्थळावरून हटवल्याच्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी, तर ओयोला १६८.८८ कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता.

पाटीबरोबर मालकही बदलतो का?

तसे नसते. टाटा समूहाची आजची ‘जिंजर’ साखळी २००४ मध्ये बेंगळूरुत ‘इंडिवन’ या नावाने सुरू झाली. तिथे नाव बदलले, समूह तोच राहिला. अमेरिकेतील ‘मोटेल ६’बाबत उलटे घडले. तो ब्रँड ५२.५ कोटी डॉलरना विकत घेण्याचा करार ओयोने २०२४ मध्ये केला. पाटी तीच राहिली, ब्रँडचा मालक बदलला. लहान शहरांत बहुतेकदा बदल होतो तो साखळीच्या करारात. चादरी, स्वागतकक्षाचा रंग आणि पाटी लगेच बदलते. नळ, गिझर, लिफ्ट आणि जिना मात्र तेच राहतात. त्यामुळे हॉटेलच्या नव्या नावाने शोधण्याऐवजी नकाशावर पत्ता टाकून जुने अभिप्राय वाचणे अधिक उपयोगाचे.

हॉटेल कोण चालवते, हे कसे कळेल?

हॉटेलच्या बिलावरचा जीएसटी क्रमांक पाहावा. या १५ अंकाक्षरांतील पहिले दोन अंक राज्याचे (महाराष्ट्रासाठी २७) आणि पुढची दहा अंकाक्षरे म्हणजे व्यवसायाचा पॅन. जीएसटीच्या संकेतस्थळावर हा क्रमांक टाकला की नोंदणीचे कायदेशीर नाव कोणालाही दिसते. जुन्या आणि नव्या बिलांवरचा पॅन एकच असेल, तर चालवणारा तोच आहे. ॲपच्या पावतीवर मात्र ॲपकंपनीचा क्रमांक असू शकतो, म्हणून हॉटेलचे बिल मागावे.

जुन्या नावाने घेतलेल्या बुकिंगचे काय?

प्रवासाच्या आदल्या दिवशी हॉटेलला थेट फोन करून बुकिंग क्रमांक सांगावा आणि खोली असल्याचा संदेश लेखी मागावा. ‘ती कंपनी आता आमच्याकडे नाही’ असे उत्तर काउंटरवर मिळालेच, तर स्वतःहून बुकिंग रद्द करू नये. तसे केल्यास ग्राहकाने रद्द केल्याची नोंद होते आणि परतावा अडतो. पाटीचे छायाचित्र काढावे, तिथूनच ॲपच्या मदतकक्षाला फोन करावा आणि पर्यायी खोली किंवा पूर्ण परतावा मागावा. कंपनी स्वतः एकतर्फी बुकिंग रद्द करताना तसाच भुर्दंड सोसत नसेल, तर ग्राहकाकडून रद्द करण्याचे शुल्क घेता येत नाही, असे २०२० चे ई-कॉमर्स नियम सांगतात.

बिलात काय पाहावे?

एका रात्रीचे भाडे ७,५०० रुपयांपर्यंत असलेल्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी ५ टक्के जीएसटी आहे. म्हणजे दीड हजारांच्या खोलीवर १८० ऐवजी ७५ रुपये. जीएसटी नोंदणी नसलेले लॉज थेट आलेल्या ग्राहकाकडून हा कर घेऊ शकत नाही. तीच खोली ॲपवरून घेतली तर कर लागतो आणि तो भरण्याची जबाबदारी ॲपकंपनीची असते. म्हणून लॉजला साखळीची पाटी लागल्यावर थेट दर आणि ॲपवरचा दर, दोन्ही विचारून पाहावेत.

तक्रार कुठे करावी?

आधी ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे. त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच देणे आणि महिनाभरात ती निकाली काढणे अपेक्षित आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. त्यानेही न भागल्यास जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो, तिथेही तक्रार दाखल करता येते. म्हणजे मुंबई-पुण्यातल्या हॉटेलविरुद्ध अकोलेकराला अकोल्यात आणि अमरावतीकराला अमरावतीत दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची, आणि मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. बुकिंगचा संदेश, हॉटेलचे बिल आणि पाटीचे छायाचित्र मात्र तोवर जपून ठेवायला हवे.