पालथी बशी

वरठीच्या रेल्वे स्टेशनावर ‘वरठी’ अशी पाटी नाही. पाटी आहे ‘भंडारा रोड’ची, आणि भंडारा शहर तिथून काही किलोमीटर लांब. नवखा माणूस पाटी वाचून उतरतो आणि बाहेर आल्यावर शहर शोधू लागतो. पाटी खोटी नाही, ती वाचायची कशी हे माहीत असावं लागतं. माळ्यावरच्या पेटीतून निघालेल्या चिनीमातीच्या सटाचंही तसंच. बशी पालथी केली की तळाला शिक्का दिसतो, आणि घरातले लगेच ‘दीडशे वर्षांपूर्वीचा आहे’ म्हणून मोकळे होतात.

भंडारा म्हणजे पितळेचं गाव. इथे जुन्या भांड्याची किंमत तराजू करतो. परात कितीही चेपलेली असो, मोडीचा भाव येतोच. चिनीमातीला मोड नाही. तडा गेला की ती उकिरड्यावर, आणि धड राहिली तरी तिची किंमत ओळखीवर. ती कोणाची, कुठली, केव्हाची, हे सांगता आलं नाही तर ती नुसती बशी.

आपल्याकडे या भांड्यांकडे बघण्याची तऱ्हाही गमतीची. अनेक सोवळ्याच्या घरांत लोणच्याची बरणी बिनबोभाट नांदली, चहाच्या कपाला मात्र स्वयंपाकघराची दारं लवकर उघडली नाहीत. 1890 मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमध्ये चहा घेतला म्हणून टिळक-रानड्यांसारख्यांवर ग्रामण्य उभं राहिलं. त्याच वर्षी अमेरिकेने आयात मालावर मूळ देशाचं नाव घालणं सक्तीचं करणारा कायदा केला. 1891 पासून तो लागू झाला आणि विलायती कपांच्या बुडाशी ‘इंग्लंड’ दिसू लागलं. म्हणून नुसतं ‘इंग्लंड’ असेल तर भांडं बहुधा 1891 नंतरचं, आणि ‘मेड इन इंग्लंड’ असेल तर विसाव्या शतकातलं. जपानी मालावर 1921 पर्यंत ‘निप्पॉन’ लिहीत, पुढे ‘जपान’.

ब्रिटिश नक्षीच्या नोंदणीचा शिक्का याहून नेमका. 1842 ते 1883 तो चौकटच्या पानासारखा असे. 1884 पासून ‘आर. डी. नंबर’ हा चढता आकडा आला, आणि 1900 उजाडेपर्यंत तो साडेतीन लाखांच्या घरात पोचला. पण हा आकडा नक्षी नोंदवल्याचं साल सांगतो, कप भाजल्याचं नाही. खपणारी नक्षी कारखाने वर्षानुवर्षं छापत. शिक्का ‘याच्या आधीचं नाही’ एवढंच ठामपणे सांगतो.

दुसरी बाजू कधीकधी इतिहास बंद करतो. या भागातल्या घरात ‘बी. एन. आर.’ अक्षरांची बशी निघाली, तर ती बंगाल नागपूर रेल्वेची. कंपनी 1887 ची. 1944 मध्ये ती सरकारी झाली आणि 1952 मध्ये ते नाव पूर्व रेल्वेत विरलं. त्याच बशीवर ‘इंग्लंड’ असेल, तर 1891 ते 1952 एवढी चौकट हाती लागते. (रेल्वेची बशी घरात आली कशी, हे आजोबांच्या तसबिरीला विचारू नये.)

शिक्काच नसेल तर मातीला विचारायचं. बशी उजेडासमोर धरून मागे बोटं हलवावीत. सावली दिसली तर बोन चायना किंवा पोर्सेलिन. बोन चायनाच्या मातीत निम्म्याच्या आसपास हाडांची राख असते, म्हणून तिचा पांढरा रंग दुधाळ, तर चिनी पोर्सेलिनचा बहुधा निळसर. काहीच दिसलं नाही तर साधी भाजलेली माती. टिचकीला खणखणीत आवाज आला पाहिजे. भद्द आला तर केसाएवढी चीर असू शकते, ती आधी शोधावी. निळ्या नक्षीत पूल, त्यावर तीन माणसं, वर दोन पाखरं दिसली की घरातले ‘अस्सल चिनी’ म्हणतात. ही विलो नक्षी अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजांनी बेतली, आणि पळून गेलेल्या प्रेमिकांची तिची गोष्टही त्यांचीच.

अस्सल चिनी-जपानी माल डोळ्यांखालून घालायचा तर मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात जावं. सर रतन आणि सर दोराब टाटांचे संग्रह तिथे आहेत. घरचा कप त्यांच्या शेजारी मनातल्या मनात ठेवून पाहिला की किमतीचा ताप बराच उतरतो.

विकायला काढताना आधी मोजदाद. बारा बशा आणि अकरा कप असतील तर अकराच लिहावेत. टवका, पुसलेला सोनेरी काठ, झिलईवरची जाळी, सगळ्यांचे फोटो काढावेत. मुंबईच्या चोर बाजारातला व्यापारी स्वतःचा नफा धरूनच भाव देणार, त्यात रागवण्यासारखं काही नाही. फुलाफुलांच्या डिनर सेटला आज गिऱ्हाईक थोडं, कारण एवढी भांडी मांडायला टेबल कुणाकडे आहे? माझं मत विचाराल तर दुर्मिळ शिक्क्याची एकटी बशी साध्या पूर्ण सटापेक्षा जास्त आशेने दाखवावी.

परदेशातल्या गिऱ्हाइकाचा मोठा आकडा आला तर मात्र थांबावं. 1972 चा पुरावशेष कायदा, 5 एप्रिल 1976 पासून लागू, शंभर वर्षं पुरी झालेली कलाकुसरीची वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवू देत नाही. शिक्षा सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि दंड. वय संशयात असेल तर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून वस्तू पुरावशेष नसल्याचा दाखला घ्यावा लागतो. आणि ही शंभराची रेघ दरवर्षी एक वर्ष पुढे सरकते. गेल्या साली परदेशातल्या नातीकडे धाडता आला असता असा टी-सेट यंदा धाडता येत नाही.